वीणेची तार आणि गिटारवरची कांब

वाचकहो, पुणतांब्याला आपण कधी गेला असाल तर दौंड-मनमाड लोहमार्गावरचे ते जंक्शन आपणांस ठाऊक असेल. गावात शिरून पुढे गेले की गोदावरीचा काठ लागतो, अहिल्यादेवींचा घाट लागतो आणि चांगदेवांची समाधी लागते. मी इतिहासाचा अध्यापक. दगड, शिलालेख आणि सनावळ्या यांच्या मागे हिंडणारा माणूस. पण गेल्या खेपेला माझे लक्ष दगडांवरून उडाले आणि एका वीणेवर जाऊन बसले.

सप्ताह चालला होता. सप्ताहातली वीणा खाली ठेवायची नसते, हे आपणांस सांगायला नको. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जाताना नमस्कार होतो, आणि तारा रात्रंदिवस बोलत राहतात. ही वीणा मी लहानपणापासून पाहत आलो. पण पाहत आलो म्हणजे पाहिली असे नव्हे. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले की वीणेकरी एकही तार दाबीत नाही. तारा अगोदरच अशा मिळवलेल्या असतात की नुसते बोट फिरवले तरी षड्ज आणि पंचम भरून निघतात. सगळी विद्या मिळवण्यात. ती झाली की कालपरवा माळ घातलेला पोरगाही वीणा धरू शकतो.

हे ध्यानात आले त्याला कारण माझ्या शेजारी बसलेले एक शिक्षकमित्र. त्यांना मी नुसते गुरुजी म्हणतो. गुरुजींनी एक जुनी गिटार विकत घेतली होती. गिटार म्हणजे सहा तारांचे, लाकडी पोटाचे, सतारीसारखे पडदे असलेले वाद्य. सिनेमाच्या कृपेने आता खेडोपाडी माहीत आहे. पण गुरुजींना ती नेहमीच्या रीतीने वाजवायची नव्हती. त्यांनी ऐकले होते की डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी घालून, किंवा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी कांब सरकवली, तर गळ्यासारखी मींड निघते. अभंगाच्या मागे ती मींड त्यांना धरायची होती.

अडचणी दोन होत्या. पहिली अशी की नळी टेकवताच तारा पडद्यांवर आपटून खडखडत. एका माहीतगाराने सांगितले, तारा जाड घाला आणि चढवा. गुरुजींनी त्या चढवल्या, तो घोडीच पोटावरून उचलली गेली; पुढे ती सुताराकडून चिकटवून घ्यावी लागली. दुसरी अडचण जास्त अवघड. भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्ट सांगितले होते, "गुरुजी, हे साहेबाचं वाद्य. देवापुढं नको." तेव्हा गुरुजींना माझ्याकडून दाखला हवा होता. "सर, तुम्ही इतिहासाचे. हे मुळात आपलंच आहे, असं कुठं सापडतं का बघा की."

असे दाखले मागणारे पुष्कळ भेटतात, आणि देणारेही. विमान आपले, अणू आपला, मग गिटार तरी का सोडा! मी म्हणालो, बघतो. पण जे सापडेल ते सांगेन, हवे ते नव्हे.

आता सापडले काय ते ऐका. पुणतांब्याहून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादवांचे राज्य होते, आणि सिंघण राजाच्या (१२१०-१२४७) दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांच्या वेळी दक्षिणेत उतरलेले. या गृहस्थाकडे दरबारच्या हिशेबाचे काम. आणि लिहिला काय, तर 'संगीतरत्नाकर'! सात अध्यायांचा हा ग्रंथ आजही उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही पद्धतींचे पंडित प्रमाण मानतात. त्याच्या सहाव्या अध्यायात वाद्यांचे वर्णन आहे, आणि तेथे एकतंत्री वीणेला फार मोठा मान दिलेला आहे.

ही एकतंत्री म्हणजे काय? एक दांडी, एक भोपळा, एक तार. पडदे नाहीतच. मग स्वर कसे काढायचे? डाव्या हातात बांबूचा एक तुकडा धरायचा, त्याला नाव कम्रिका. तो तारेवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने तार छेडायची. तुकडा जेथे टेकेल तेथे स्वर, आणि सरकेल तशी मींड. गुरुजी काचेच्या नळीने जे करू पाहत होते, तेच. चांगदेवांची समाधी शके १२२७ ची, म्हणजे इसवी सन १३०५ ची मानतात. त्यांच्या आधीच्या दोनतीन पिढ्यांत, याच गोदावरीच्या खोऱ्यात, या वादनाचे शास्त्र लिहिले गेले होते.

हे वाचून दाखवल्यावर गुरुजी उठून उभेच राहिले. "म्हणजे झालं की सर!" मी त्यांना खाली बसवले. कारण एवढ्याने गिटार आपली ठरत नाही. सरकत्या कांबेची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे एवढेच ठरते. पुढे पडद्यांच्या वीणा आल्या, आणि एकतंत्री मागे पडली. ती येथून कोणी परदेशी नेली, याला कागद नाही.

कल्पना मात्र मेली नाही. दक्षिणेत तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, आणि त्यांच्याबरोबर गेलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. त्या मंडळींपैकी तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी एक बिनपडद्यांची वीणा नावारूपाला आणली. लाकडाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून फिरवून ती वाजवतात. तिला गोट्टुवाद्यम् म्हणतात, अलीकडे चित्रवीणाही म्हणतात. कर्नाटक संगीतातले थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (१९०८-२००३) काही काळ या सखाराम रावांकडे शिकले. उत्तरेत पतियाळा दरबारच्या अब्दुल अजीज खाँ यांनी विचित्र वीणा गाजवली. तिच्यावर काचेचा अंड्यासारखा बट्टा फिरतो. गिटारशी यांतल्या कोणाचाही संबंध नाही.

गिटारवर कांब सरकली ती पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. तेथे १८३० च्या दशकात मेक्सिकोचे गुराखी गाईगुरांच्या कामाला आले आणि गिटार घेऊन आले. बेटावरच्या लोकांनी ती आपल्या कानाने मिळवली. स्पेनच्या रीतीने मोकळ्या तारा छेडल्या तर त्यांचा एक गोड मेळ होत नाही. हवाईकरांनी काही तारा ढिल्या करून असा मेळ बसवला की नुसता हात फिरवला तरी षड्ज, गंधार, पंचम एकदम वाजावेत. त्याच्यापुढचे पाऊल जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने टाकले. याचा जन्म १८७४ चा. १८८९ च्या सुमारास, शाळेत असताना, रुळाच्या कडेने चालता चालता त्याने एक लोखंडी बोल्ट उचलला आणि तो तारांना लागून वेगळाच आवाज निघाला, अशी कथा सांगतात. खरेखोटे काही असो; त्याने पुढे घासून गुळगुळीत केलेली पोलादी कांब बनवली, १९०४ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि नंतर युरोपातही वाजवीत हिंडला, हे मात्र पक्के आहे.

आणि आता गुरुजींना हवा होता तो माणूस. हवाईतल्या जुन्या संगीतकारांच्या आठवणींत गॅब्रिएल डेव्हियन असे एक नाव येते. हा मुलगा हिंदुस्थानात जन्मलेला. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून होनोलुलूला आणले, आणि १८८४ च्या सुमारास तो गिटारच्या तारांवर काहीतरी सरकवून वाजवीत असे, असे सांगणारे सांगतात. सांगितले केव्हा? तर जवळजवळ पन्नास वर्षांनी! त्याने आपल्याकडची एखादी वीणा पाहिली होती का, याचा एक शब्द कोठे नाही. आणखी एका माणसाचेही नाव या शोधासाठी घेतात. तेव्हा डेव्हियनच्या जोरावर गिटारवर हक्क सांगणे म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसताना बांध कोरण्यासारखे आहे. मी विद्यार्थ्यांना असल्या उडीबद्दल गुण देत नाही; गुरुजींना कसे द्यावे? त्यांचा चेहरा उतरला, हे मला दिसले.

पण जी गोष्ट खरी आहे तीच मला अधिक नवलाची वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर गावी, १९०३ च्या सुमारास, डब्ल्यू. सी. हँडी हे निग्रो संगीतकार गाडीची वाट पाहत बसले होते. जवळच एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून सरकवीत गात होता. त्या वस्त्यांतली पोरे तर भिंतीला दोन खिळे ठोकीत, मध्ये तार ताणीत आणि बाटलीचा तुकडा फिरवून गाणी वाजवीत. एक तार आणि एक सरकता तुकडा. देवगिरीच्या दरबारातली वीणा आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या झोपडीची भिंत! कोणी कोणाचे पाहिले नाही. माणसाच्या कानाला गळ्यासारखा अखंड सूर हवा असतो, आणि तो तारेतून काढायचा तर हात तिथेच पोहोचतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. लांब फळी घ्या, दोन टोकांना खिळे ठोका, तार ताणा आणि दोन्हीकडे तिच्याखाली एकेक लाकडी ठोकळी सरकवा. दोन ठोकळ्यांत नव्वद सेंटिमीटर अंतर ठेवा. एका टोकाला तार छेडायची आणि दुसऱ्या टोकापासून मोजायचे. काचेची बाटली अठरा सेंटिमीटरवर टेकवली की गंधार, साडेबावीसवर मध्यम, तिसावर पंचम आणि पंचेचाळीसवर वरचा षड्ज. गणिताचा तास, विज्ञानाचा तास आणि संगीताचा तास एकाच फळीवर होतो.

हवाई गिटार हिंदुस्थानात आली ती अर्नेस्ट काई यांच्या मंडळीबरोबर, १९१९ मध्ये. पुढे १९२९ पासून टाऊ मो नावाचे कलावंत येथे येऊ लागले, आणि १९४० च्या दशकात काही वर्षे ते कुटुंबासह कलकत्त्यालाच राहिले. बंगालात शिष्य तयार झाले, रवींद्रसंगीत गिटारवर वाजू लागले. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी सिनेमाची गाणी विजेच्या गिटारवर वाजवून घराघरांत नेली; त्यांच्या साथीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा ॲकॉर्डियन असे. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांना ही नावे नवी नाहीत.

येथे नभोवाणीचाच एक किस्सा सांगतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, दार बंद केले होते. आक्षेप असा की पेटीचे स्वर ठरलेल्या जागी खिळलेले. एकातून दुसऱ्यात सरकत जाता येत नाही, मग मींड कशी येणार? ही बंदी तीस वर्षे टिकली आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी सैल झाली. गंमत बघा, ज्या पेटीवर आपली निम्मी भजने उभी आहेत तीही मुळात साहेबाचीच. ती देवळात केव्हा बसली आणि कोणी बसवली, हे आज कोणी विचारीत नाही. कांबेच्या गिटारवर मात्र तो मींडेचा आक्षेप घेताच येत नाही.

हे नेमके हेरले जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांनी. सरोदिये अली अकबर खाँ यांची तालीम त्यांना मिळाली. त्यांनी गिटारमधला इंग्रजी मेळ काढून टाकला, वाजवण्यासाठी मोजक्या तारा ठेवल्या आणि सतारीसारख्या चिकारीच्या तारा जोडून आलाप, जोड, झाला वाजवला. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी प्रसिद्ध आहे. तिच्यात संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार काब्रा. आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. पुढे जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या बारा तारा बसवून एकूण वीस तारांची मोहनवीणा केली, आणि १९९४ मध्ये तिच्यावरच्या वादनासाठी अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळवले. त्या तबकडीत त्यांच्या जोडीला होते राय कूडर. तेही कांबेचेच वादक, पण अमेरिकन रीतीचे.

आता गुरुजींच्या खडखडीकडे वळू. यातच खरी मौज आहे.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे नेहमीच्या रीतीने मिळवल्या, आणि पांढरी दोन हा षड्ज मानला, तर त्या बोलतात अशा: रे, प, सा, म, ध, रे. यांवर सरळ कांब टेकवून सगळ्या एकदम वाजवल्या तर कान किटतात. बोटे वाकतात, वेगवेगळ्या पडद्यांवर जातात. कांब वाकत नाही. म्हणून मेळ आधीच बसवून ठेवायचा. पहिली रे उतरवून षड्जावर आणा, म उतरवून गंधारावर, ध उतरवून पंचमावर, आणि शेवटची रे पुन्हा षड्जावर. झाले: सा, प, सा, ग, प, सा. चार तारा उतरल्या, एकही चढली नाही. लाकडावरचा ताण कमी झाला. आता कांब कोठेही ठेवा, तोच मेळ तेथून उठेल. याला इंग्रजी वादक ओपन डी म्हणतात. हाच मेळ एक स्वर वर, चढवूनही बसवता येतो. गुरुजींच्या माहीतगाराने तोच सांगितला असावा. पण तार एक स्वर चढली की तिचा ताण सव्वापट होतो. साध्या संचाच्या सहा तारा मिळून घोडीला सत्तर किलोहून जास्त ओढत असतात. त्यात जाड तारा आणि वर चढवणे. घोडी न उखडती तरच नवल.

मग खडखड का? तर उतरलेली तार ढिली होते. सर्वांत बारीक तार साध्या संचात ०.३० मिलिमीटरची असते. सतारीची बाजाची तारही साधारण एवढीच. रे वर तिचा ताण साडेदहा किलो असतो. तिला षड्जावर उतरवली की तो साडेआठच्याही खाली येतो, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. अशा तारेवर नळीचे वजन पडले की ती पडद्याला टेकणारच. उपाय सोपा आहे: उतरवायची आणि जाड करायची. हिशेब केला तर जाडी आठवा हिस्सा वाढवली की गेलेला ताण परत येतो. ०.३० ची ०.३३ किंवा ०.३४ करा. बाजारात तेराचा संच मागतात तो हाच. यातली बारीक तार ०.३३ ची आणि सर्वांत जाड १.४२ मिलिमीटरची असते. मांडीवर आडवी घेऊन वाजवणारे याहूनही जाड, ०.४१ पासून सुरू होणाऱ्या तारा वापरतात. पण त्यांची वाद्ये त्यासाठीच बांधलेली असतात. साध्या गिटारला ते ओझे लावू नये. शिवाय मानेच्या टोकाशी जेथून तारा निघतात ती पट्टी थोडी उंच करून घ्यावी. आणि नळी पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्याच्या तारेच्या वर धरावी, दाबू नये, नुसती टेकवावी. मागच्या बोटांनी तारा हलक्या झाकल्या की कुईकुई थांबते.

एवढ्याने गुरुजींचे वाद्य बोलू लागले. पण अभंग होता भीमपलासच्या अंगाचा, कोमल गंधाराचा, आणि चौथी तार मध्येच शुद्ध गंधार घुमवी. मला हे कोडे तासभर सुटले नाही. सुटले ते समोरच्या वीणेकडे पाहून. तिच्यात गंधार मिळवलेलाच नसतो! षड्ज आणि पंचम. राग कोणताही येवो, हे दोघे बहुधा कोणाच्या वाटेत येत नाहीत. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तेथे तानपुऱ्याचा पंचम उतरवून मध्यम करतात, एवढेच. तेव्हा गंधाराच्या तारेला पंचमच करावे. पण ती तार जाड, वेटोळ्यांची. तिला तेवढी चढवली तर तुटायची भीती. म्हणून ती काढून तिच्या जागी शेजारच्या पंचमाच्याच जाडीची साधी तार लावली. सा, प, सा, प, प, सा. मेळ बदलायचा तर आधी तार बदलावी लागते, हे मिरजेच्या तानपुरेवाल्या कारागिरांना कोणी शिकवावे लागत नाही. मला मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर कळले.

एकादशीच्या संध्याकाळी गुरुजी मंडपात मागे, खांबाला टेकून बसले. मी त्यांना दाखला दिला नव्हता. एवढेच लिहून दिले होते की हे वाद्य परके आहे, वाजवण्याची ही रीत आपल्या खोऱ्यात आठशे वर्षांपूर्वी लिहिलेली आहे, आणि तारा वीणेला मिळवलेल्या आहेत. तो कागद त्यांनी कोणाला दाखवला की नाही, मला माहीत नाही. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. ते वडीलधारे गृहस्थ टाळ हातात धरून वळले. आम्ही दोघेही सावरून बसलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमची बारीक तार उतरलीया."

खरेच उतरली होती; नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. वीणेकऱ्याने जवळ येऊन आपली वीणा गुरुजींच्या कानाशी धरली, आणि ते खुंटी पिळू लागले.